फरीदसाहेब सतारमेकर आणि मिरजेचा तंबोरा

आषाढाच्या तोंडावर तुकोबांची पालखी बारामतीहून निघते, सणसर, बेलवडी, निमगाव केतकी या वाटेने इंदापुरास येते आणि सराटीजवळ पादुकांना नीरेचे स्नान घालून सोलापूर जिल्ह्यात उतरते. बेलवडीचे आणि इंदापूरचे रिंगण आपल्यापैकी ज्यांनी पाहिले आहे त्यांना त्यातील एक दृश्य विसरता येणार नाही. पताका घेतलेले धावतात, तुळशी डोक्यावर घेतलेल्या बाया धावतात आणि त्यांच्यामागून गळ्यात वीणा अडकविलेले विणेकरी धावतात. दिंडीत विणेकऱ्याचा मान मोठा. वीणा कधी जमिनीवर ठेवावयाची नाही. एकाच्या गळ्यातून ती काढावयाची ती दुसऱ्याच्या गळ्यात घालण्यासाठीच, आणि ज्याच्या गळ्यात ती आहे त्याच्या पाया पडल्यावाचून कोणी पुढे जावयाचे नाही. सप्ताहात तर रात्री दोन वाजताही कोणीतरी ती छातीशी धरून उभा असतो.

इतका मान ज्या वस्तूला आपण देतो ती वस्तू कोणी घडविली, हा प्रश्न मात्र आपल्या मनात सहसा येत नाही. अभंग कोणाचा ते आपणांस ठाऊक असते, कीर्तनात म्हटलेली आर्या बारामतीच्या मोरोपंतांची हे आपण अभिमानाने सांगतो, मैफलीला कोण गवई येणार आहेत याची चौकशी आपण आठ दिवस आधी करतो. पण गवयाच्या पाठीमागे जे दोन तंबोरे उभे असतात, त्यांवर करागिराचे नाव कोठे आहे हे पाहण्यास आपण कधी उठत नाही. ही उणीव थोडीतरी भरून काढावी या हेतूने मिरजेचे फरीदसाहेब सतारमेकर यांचे स्मरण करण्याचे आम्ही योजिले आहे.

फरीदसाहेब हे मूळचे शिकलगार. शिकलगार म्हणजे तलवारी, भाले, कट्यारी यांना धार आणि पाणी देणारा कसबी. मिरज हे जुने लष्करी ठाणे, किल्ल्याचे गाव. तेथे आदिलशाहीपासून पेशवाईपर्यंत शिकलगारांच्या हातांना कधी काम कमी पडले नाही. परंतु १८१८ साली पेशवाई बुडाली, पटवर्धनांचे संस्थान इंग्रजांच्या छत्राखाली आले आणि शस्त्रांचा व्यवहार ओसरत गेला. हात तयार, डोळा तयार, परंतु मागणी नाही, अशा अवस्थेत कारागिराने काय करावे? कित्येक शिकलगार विळे आणि कुऱ्हाडी यांना धार लावू लागले. फरीदसाहेबांनी दुसरी वाट धरली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास त्यांनी सतार हाती घेतली. संस्थानिकांच्या दरबारी उत्तरेकडील गवई व वादक येत, त्यांची वाद्ये प्रवासात मोडत, आणि ती दुरुस्त करण्यासाठी पुन्हा उत्तरेस पाठविण्याखेरीज गत्यंतर नसे. दरबाराने हे काम गावातीलच कसबी हातांकडे सोपविले आणि दुरुस्ती करता करता मोडलेल्या वाद्यांनीच ते वाद्य कसे घडवावे हे त्यांना शिकविले, असे मिरजेत परंपरेने सांगतात.

कारागिराचे शिक्षण कसे होते याचे हे उत्तम उदाहरण होय. अखंड वाद्य आपले गुपित सांगत नाही. ते उघडल्यावर, म्हणजे फुटल्यावरच कळते की भोपळा आतून किती कोरला होता, लाकूड कोठे पातळ आणि कोठे जाड ठेविले होते, जोड कोठे आणि कसा दिला होता. तलवारीच्या पात्यावर एका केसाइतका फरक बोटाने ओळखणाऱ्या माणसाला तबलीची जाडी बोटाने ओळखणे अशक्य नव्हते. शस्त्राचे कसब वाद्याकडे वळले ते असे. पुढे त्यांच्या भाऊबंदांनी व मुलानातवांनी हाच धंदा चालविला, आणि धंदाच त्या घराण्यांचे आडनाव झाला. ‘सतारमेकर’ या नावात अर्धा शब्द आपला आणि अर्धा इंग्रजांचा आहे. काळाच्या एका वळणाची खूण त्यात राहून गेली आहे. फरीदसाहेबांचा पुतळा कोठे नाही, पण एका पेठेत घरोघर लागलेल्या या पाट्या हे त्यांचे स्मारकच म्हटले पाहिजे.

आता तंबोरा घडतो कसा ते पाहू. येथे बारामती-इंदापूरकरांचा या विषयाशी असलेला जवळचा संबंध ध्यानात येईल. तंबोऱ्याचा देह भोपळ्याचा असतो. हा भोपळा भाजीचा नव्हे. तो कडू असतो, माणूस तो खात नाही आणि जनावरही त्याला सहसा तोंड लावीत नाही. त्याची साल जाड, कठीण आणि घेर कित्येकदा चार फुटांहून अधिक. असा भोपळा मिरजेच्या आसपास पिकत नाही. तो येतो पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने, भीमेच्या खोऱ्यातून. आपल्या इंदापूर तालुक्याच्या उत्तर अंगाने भीमा वाहते, दक्षिण अंगाने नीरा वाहते, नरसिंहपुरास दोघींचा संगम होतो आणि तेच पाणी पुढे पंढरपुरास जाते. वारकऱ्यांची वाट आणि पाण्याची वाट येथे एकच आहे. त्या वाटेच्या टोकाला विठोबा आहे, आणि त्याच टोकाला तंबोऱ्याचा भोपळाही आहे.

भोपळा वेलावर पुरता पिकावा लागतो. कोवळा तोडला तर वाळताना चुरमडतो. जमिनीला टेकलेली बाजू ओलीने कुजू नये, आकार वेडावाकडा होऊ नये, यासाठी शेतकऱ्याला त्याची निगा ठेवावी लागते. तोडल्यावर तो कित्येक महिने वाळवितात. मिरजेतील कारखान्यांत गेल्यास आढ्याला टांगलेले भोपळे प्रथम दिसतात. एकेक भोपळा हातात घेऊन, टिचकी मारून, घेर मोजून कारागीर ठरवितो की हा पुरुषी तंबोऱ्याचा, हा बायकी तंबोऱ्याचा आणि हा सतारीचा.

मग भोपळा पाण्यात भिजवून मऊ करतात, तोंड कापतात, आतील गीर व बिया खरवडून काढतात. कापलेले तोंड पुन्हा आक्रसू नये म्हणून आतून बांबूच्या काड्यांचा ताण देतात आणि तसाच वाळू देतात. यानंतर लाकडाचे काम. मिरजेत मुख्यतः तुणीचे लाकूड वापरतात. ते हलके, सरळ धाग्याचे आणि मुरल्यावर न वाकणारे असते. भोपळ्यावर लाकडी गळा बसवितात, गळ्याला पोकळ दांडी जोडतात, भोपळ्याच्या तोंडावर किंचित फुगीर अशी तबली बसवितात. खुंट्या, घोडी, तारा अडकविण्याची जागा, स्वर बारीक मिळविण्यासाठी तारांत ओवलेले मणी, हे सर्व झाले की नक्षी व चपड्याचे रोगण. पूर्वी नक्षीत हस्तिदंत असे. आता हस्तिदंताच्या व्यापारास बंदी आहे आणि त्याची जागा इतर साहित्याने घेतली आहे. पुरुषी तंबोरा उभा केला तर सामान्यपणे पाच फुटांच्या आसपास भरतो.

एवढे झाले तरी तंबोरा मुकाच असतो. त्यास वाचा फुटते ती जवारीने. जवारी म्हणजे काय, हे नीट समजून घेतले पाहिजे, कारण सतारमेकराचे सर्व मोठेपण शेवटी तेथे येऊन ठेपते. व्हायोलिनच्या घोडीला धार असते आणि तार त्या धारेवर एका बिंदूत टेकते. तंबोऱ्याची घोडी रुंद असते आणि तिचा माथा अगदी सौम्य उताराचा, पाठीसारखा वळणदार असतो. तार छेडली म्हणजे ती या उतारावर टेकते, उठते, पुन्हा टेकते. तार आणि घोडी यांमध्ये सुताचा एक बारीक दोरा सरकवितात. तो केसभर पुढेमागे केला की आवाज एकाएकी उघडतो, आणि एका तारेतून जणू अनेक स्वरांचा झरा वाहू लागतो.

असे का होते याचा उलगडा सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ च्या सुमारास प्रसिद्ध केलेल्या एका लेखात केला. एका तारेतून मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा कंपनांचे उपस्वर निघत असतात. यंग या इंग्रज शास्त्रज्ञाचा नियम असा की तार ज्या बिंदूवर छेडली, तेथे ज्या उपस्वराची कंपने शून्य असतात, तो उपस्वर ऐकू येऊ नये. उदाहरणार्थ, तार बरोबर मध्यावर छेडली तर दुप्पट, चौपट, सहापट हे उपस्वर गळून पडावेत. तंबोऱ्यात हे उपस्वर गळत नाहीत, ते भरभरून ऐकू येतात. रामन यांनी दाखविले की या वळणदार घोडीवर तारेचा जो खेळ चालतो त्यामुळे हा नियम तेथे लागूच पडत नाही. प्रयोगशाळेत विसाव्या शतकात जे सिद्ध झाले ते आमच्या कारागिरांनी कानाने आणि कानशीने कित्येक पिढ्या आधी हस्तगत केले होते. त्यांना यंग ठाऊक नव्हता हे खरे. पण त्यांचा कान खोटे सांगत नव्हता.

तंबोऱ्याला तारा चार. पहिली पंचमाची, किंवा रागाला अनुसरून मध्यमाची, मधल्या दोन जोडीच्या, म्हणजे षड्जाच्या, आणि शेवटची खर्जाची. खर्जाच्या तारेची जवारी उत्तम असली म्हणजे तिच्यातून गंधार आपोआप बोलू लागतो. हा गंधार कोणत्याही तारेला लावलेला नसतो. मूळ स्वराच्या पाचपट कंपनांचा तो उपस्वर असतो. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. ज्या तंबोऱ्यातून तो स्पष्ट ऐकू येतो त्याच्या सावलीत गाणाऱ्याला आपला स्वर शोधावा लागत नाही, तो त्याच्यापुढे ठेवलेलाच असतो. म्हणून तंबोरा ही नुसती साथ नव्हे. ती गाण्याची जमीन आहे, आणि जमीन जशी कसदार तसे पीक.

घडविणारा आणि गाणारा हे दोघे एका गावात राहिले म्हणजे काय होते, याचा दाखला मिरजेनेच दिला. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर तेथे राहिले आणि त्यांच्याजवळ विष्णु दिगंबर पलुसकर शिकले. १८९६ साली मिरज सोडून बाहेर पडलेल्या पलुसकरांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले. दरबारातले गाणे त्यांनी मध्यमवर्गीयांच्या घरात नेले. घरोघर गाणे शिकावयाचे तर घरोघर तंबोराही लागणार, हे उघडच आहे. मिरजेच्या कारागिरीला राजाश्रयाच्या पलीकडचे गिऱ्हाईक मिळाले ते या लोटामुळे.

दुसरे नाव खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांचे. १८७२ साली कैराना येथे जन्मलेला हा गवई बडोद्याहून फिरत फिरत मिरजेस आला. प्लेगच्या दुखण्यातून मीरासाहेबांच्या कृपेने आपण वाचलो अशी त्यांची श्रद्धा होती आणि त्या दर्ग्याशी त्यांनी आयुष्यभर नाते राखले. खाँसाहेबांचे गाणे आपण तबकड्यांवर ऐकतो. परंतु ते बीन वाजवीत आणि वाद्यांची दुरुस्ती स्वतःच्या हाताने करीत, हे पुष्कळांस ठाऊक नसते. तंबोरा जुळल्यावाचून त्यांचे तोंड उघडत नसे. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींचा जो अभ्यास १९१० साली पुस्तकरूपाने मांडला, त्यात खाँसाहेबांच्या गळ्याचा व कानाचा आधार त्यांनी घेतला होता. अशा चोखंदळ माणसाच्या हाती जाणारा तंबोरा घडवावयाचा म्हणजे कारागिराची रोजचीच परीक्षा. गवयाने कारागिराचा कान तयार केला आणि कारागिराने गवयाचा स्वर सांभाळला. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी मद्रासकडील प्रवासात खाँसाहेब वारले. त्यांचा देह मिरजेस आणून दर्ग्याच्या परिसरात दफन केला आणि उरुसात तेथे त्यांच्या स्मरणार्थ गाणे होऊ लागले. कन्या हिराबाई बडोदेकर, शिष्य सवाई गंधर्व आणि त्यांचे शिष्य भीमसेन जोशी यांच्यापर्यंत हा स्वर कसा पोहोचला ते वाचकांस सांगावयास नकोच.

कारागिराचे स्मरण ठेवण्याची रीत दूरदेशी कशी आहे, तेही पाहण्यासारखे आहे. अमेरिकेच्या पूर्वेकडील ॲपलाशियन डोंगररांगांत डल्सिमर नावाचे एक साधे वाद्य आहे. मांडीवर आडवे घ्यावयाचे, एका तारेवर चाल वाजवावयाची आणि उरलेल्या तारांनी अखंड एकच स्वर धरावयाचा. आपल्या एकतारीची आणि तंबोऱ्याची कल्पना त्यात निराळ्या वेषाने आढळते. केंटकी राज्यातील जेम्स एडवर्ड थॉमस (१८५० ते १९३३) हा अशी वाद्ये घडवी, वाजवी आणि गावोगाव हिंडून विकी. आपल्या वाद्यांवर तो अनुक्रमांक घाली. पुढे त्याच प्रांतातील जीन रिची (१९२२ ते २०१५) या गायिकेने ते वाद्य शहरांत व परदेशांत नेले, आणि वाद्याबरोबर जुन्या कारागिरांची नावेही लोकांच्या तोंडी झाली. ती वाद्ये आज तेथील संग्रहालयांत घडविणाऱ्याच्या नावासह ठेविली जातात. आमच्या घरांतील माळ्यावर पडलेला आजोबांचा तंबोरा कोणाच्या हातचा, हे सांगता येणारी घरे किती निघतील?

हा प्रश्न केवळ कृतज्ञतेचा असता तर एका व्याख्यानाने त्याची फेड झाली असती. पण येथे एक विद्याच पणाला लागली आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस बंगळूरात विजेवर चालणारा तंबोरा तयार झाला, आणि आता तर तो खिशातल्या फोनमध्येच बसला आहे. त्याची निंदा करण्याचे आम्हांस कारण दिसत नाही. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मुलीला पाच फुटी तंबोरा ठेवण्यास जागा नसते, आणि पहाटेच्या रियाजाला त्या पेटीचा आधार होतो. पण पेटीतला स्वर हा कोणा एका तंबोऱ्याचा नमुना असतो, किंवा नुसता बनविलेला असतो. तो लावावा लागत नाही, आणि ज्याला तंबोरा लावावा लागत नाही त्याचा कान तयार होण्याची पहिली पायरीच चुकते. अर्धा तास खुंटी पिळून जोड जुळविताना विद्यार्थी जे शिकतो ते दुसऱ्या कशाने शिकता येत नाही.

संकटाचे दुसरे टोक आपल्याच शेतात आहे. १९८० साली उजनीचे धरण पूर्ण झाले, भीमेच्या काठी ऊस वाढला आणि संसारही उभे राहिले. बारामती-इंदापूरच्या माणसाने त्याला नावे ठेवू नयेत. परंतु हिशेब स्पष्ट आहे. उसाला कारखाना आहे. कडू भोपळ्याला मिरजेच्या काही घरांवाचून गिऱ्हाईक नाही. पिकण्याच्या वेळी अवकाळी पाऊस झाला तर वर्षाची मेहनत वेलावरच कुजते, आणि फुटका भोपळा भाजीलाही चालत नाही. जो शेतकरी असे असूनही भोपळा लावतो तो त्या तंबोऱ्याचा पहिला कारागीर होय. तो थांबला तर मिरजेची कानस आणि रामनांचे शास्त्र दोन्ही आढ्याकडे पाहत बसतील.

तिसरी गोष्ट कारागिरांच्या मुलांची. जवारी काढणे हे पुस्तकातून येत नाही. बापाने घोडीवर कानस फिरवावयाची, मुलाने तार छेडावयाची, आणि ‘झाली’ हा शब्द दोघांच्या तोंडून एकदमच यावयाचा, अशा रीतीने ते येते. यास वर्षे लागतात आणि त्या वर्षांत पोट भरावे लागते. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. नावाचे संरक्षण झाले, हे चांगले झाले. पण मानांकनाने वाद्य विकले जात नाही. ते विकत घेणारा माणूस लागतो.

मग आपण काय करावे? आम्ही मोठ्या योजना सुचवीत नाही. आपल्या गावातील गायनवर्गांनी निदान एक खरा तंबोरा ठेवावा आणि तो लावण्यास मुलांना शिकवावे. माळ्यावरचे जुने वाद्य भंगारात देण्यापूर्वी एकदा मिरजेस नेऊन दाखवावे. फुटलेला भोपळा सांधता येतो, बसलेली जवारी पुन्हा काढता येते. मैफलीच्या आरंभी साथीदारांची नावे सांगताना तंबोरा कोणाच्या हातचा हेही एका वाक्यात सांगावे. त्यात काही खर्च नाही.

आणि पुढच्या आषाढात बेलवडीच्या माळावर विणेकरी धावू लागतील तेव्हा विठोबाच्या नावाबरोबर, भोपळा पिकविणाऱ्या त्या शेतकऱ्याचे आणि तलवार खाली ठेवून सतार उचलणाऱ्या त्या शिकलगाराचे स्मरण करावे. विणेकऱ्याच्या पाया पडताना आपण वाद्याच्याही पाया पडतो. तो नमस्कार घडविणाऱ्या हातांपर्यंत पोहोचावा, एवढीच आमची इच्छा आहे.